कोपऱ्याची चार घरं

संध्याकाळी साडेसहाला माझा फोन वाजत नाही, याची सवय मला अजून झालेली नाही. आवाजात फोन ऐकू यायचा नाही म्हणून त्या वेळी मी टीव्ही लावत नाही. समोरच्या घरातली सून एकदा म्हणाली, "आबा, अंधार पडला तरी दिवा न्हाय, टीव्ही न्हाय, नुसतं काय बसता?" म्हटलं, बसतो आपला. तिला काय सांगणार? बारा वर्षांच्या नातीच्या फोनची वाट बघतोय, आणि तो बंद पडायला मीच कारण आहे, हे काही दारात उभं राहून सांगण्यासारखं नाही.

सोलापुरात भवानी पेठेत माझ्या दोन खोल्या आहेत. जन्मभर मी चादरीच्या कारखान्यात डिझाईन मास्तर होतो. हे काम काय असतं ते आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. चादरीवरचा मोर किंवा वेल आधी चौकटीच्या कागदावर काढायचा. कागदाला बारीक बारीक घरं असतात. रंगीत सूत जिथं वर यायला हवं तिथलं घर भरायचं, बाकीची मोकळी सोडायची. मग त्या घरांबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची आणि पट्ट्या माळेसारख्या ओवून मागावर चढवायच्या. माग त्या भोकांप्रमाणे विणत जातो. तो बिचारा विचार करत नाही. एक भोक चुकलं तर चुकलेला मोर विणतो, आणि माळ जितक्या वेळा फिरेल तितक्या वेळा तीच चूक चादरीभर उमटवतो.

ही भोकं पाडणं एकट्याचं काम नव्हे. एकानं कागद बघून मोठ्यानं सांगायचं, दुसऱ्यानं पाडायचं. मला शिकवणारे मास्तर तेलुगू होते. "मूडु पट्टु, रेंडु वदुलु," असं ते सांगायचे, म्हणजे तीन धर, दोन सोड. ओळ संपली की सांगणाऱ्यानं आपला आकडा बोलायचा, पाडणाऱ्यानं आपला. जुळला तर पुढची ओळ. नाही जुळला तर तीच ओळ पहिल्यापासून, आणि त्याआधी ज्याची चूक निघेल त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "तप्पु नादि." चूक माझी. हे दोन शब्द कानावर पडल्याशिवाय मास्तर पुढची पट्टी हातात घेत नसत. स्वतः चुकले तर आम्हा पोरासोरांसमोर स्वतःही म्हणत.

मला ते शब्द जड जायचे. मी सांगोल्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. आमच्याकडं चूक कबूल करणं म्हणजे नाक कापून घेणं. त्यातून माझा स्वभाव तापट. कारखान्यात मला मागून 'गरम मास्तर' म्हणायचे, ते मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर थोडं आवडायचंही. मास्तरांसमोर मी "तप्पु नादि" म्हणायचो, पण मास्तर गेले आणि मी मास्तर झालो, तेव्हा ती रीत मी फक्त हाताखालच्यांना लावली. पुढं मालकाच्या मुलानं संगणक आणला. महिन्याचं काम दुपारभरात व्हायला लागलं. मला शाल-नारळ दिला आणि मी कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा बगलेत मारून घरी आलो.

त्या गठ्ठ्यावर माझी नात आकडे शिकली. मुलगी आणि जावई दोघंही नोकरीला, म्हणून पोरगी दिवसभर आमच्याकडं असायची. मी फरशीवर कागद पसरायचो, ती समोर मांडी घालून बसायची आणि हातातल्या चित्राकडं बघून सांगायची, "तीन भरा, दोन सोडा." ओळीच्या शेवटी दोघं आकडा सांगायचो. तिला "तप्पु नादि" म्हणायला इतकं आवडायचं की चुकली नाही तरी म्हणायची. हिला, म्हणजे माझ्या बायकोला, आतून भाकरी थापता थापता हसू आवरायचं नाही. मी तेव्हा मुद्दाम चुकायचो पण शब्द तिच्याकडूनच वदवून घ्यायचो. बाईसाहेब खुशीनं म्हणायच्या.

ती आठ वर्षांची असताना मुलगी-जावई पुण्याला गेले. पुढच्या वर्षी ही देवाघरी गेली. दोन खोल्यांत मी उरलो. पण रोज साडेसहाला फोन वाजायचा आणि पलीकडून आवाज यायचा, "आबा, घरं काढा." म्हणजे चौकटीचा कागद काढा. ती शाळेतलं गणित सांगायची, मी इकडं घरं भरायचो, ती तिकडं. अपूर्णांक, क्षेत्रफळ, सगळं आम्ही घरांवर केलं. सातवी शिकलेला माणूस मी. इंग्रजी शाळेतली गणितं तिच्या तोंडून ऐकून मलाच नव्यानं कळायला लागली. अर्धा तास, कधी पाऊण. त्या अर्ध्या तासासाठी मी दिवस काढायचो, हे आता कळतं.

मग गेल्या पावसाळ्यात एक दिवस तिनं नेहमीसारखं गणित सांगितलं. एका खोलीत लांबीला बारा आणि रुंदीला नऊ फरश्या आहेत. भिंतीकडेची फरश्यांची एक रांग चहूबाजूंनी लाल करायची. लाल फरश्या किती?

कागद काढायचा मी कंटाळा केला. हे तर माझं रोजचं काम, किनारीचं. तोंडी हिशेब केला. बारा दुणे चोवीस, नऊ दुणे अठरा. म्हटलं, "बेचाळीस."

"आबा, अडतीस आहे."

"कुणी सांगितलं?"

"एआयला विचारलं मी आधीच. ते म्हणतंय अडतीस. तुम्हाला फक्त असंच विचारत होते."

असंच. तो शब्द मला लागला. मी म्हटलं, "त्याला काय किनार ठाऊक हाय का? आयुष्य गेलं माझं किनारी काढण्यात. लांबीच्या पट्ट्या वेगळ्या, रुंदीच्या वेगळ्या. कोपऱ्याचं घर दोन्हीकडं धरावं लागतं, न्हाय तर कोपरा उघडा पडतो."

"पण आबा, ते म्हणतंय..."

"मग त्यालाच विचार की! मला कशाला फोन करतीस? आजपास्नं करूच नको."

ती हळूच "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

दहा मिनिटांनी मी कागद काढला. बारा बाय नऊची चौकट आखली, कडेची घरं लाल केली आणि बोट ठेवून मोजली. अडतीस. कोपऱ्यांची चार घरं मी दोनदा धरली होती. आमच्या कामात पट्ट्यांचे दोन संच असतात, म्हणून कोपरा दोन्ही संचांत येतो. जमिनीवर फरशी एकच असते. शेंबड्या पोराला कळेल अशी गोष्ट, पण माझा हात इतक्या वर्षांच्या सवयीनं गेला. ती चूक आमच्या धंद्यातल्याच माणसाकडून व्हायची.

फोन शेजारीच होता. उचलायचा आणि दोन शब्द म्हणायचे, एवढंच. मी चहा केला. चहा पिताना ठरवलं, उद्या ती करेलच की फोन, तेव्हा सांगू. कागद घडी घालून गठ्ठ्याखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पोर आज्ञाधारक. आबा म्हणाले करू नको, तिनं केला नाही. आठवड्यानं मुलीचा फोन आला तेव्हा मी आडून विचारलं, अभ्यास कसा चाललाय? ती म्हणाली, "मस्त चाललाय, आबा. सगळं एआयवर करते. मलाही बघावं लागत नाही आता." मी म्हटलं, "बरं झालं."

दिवाळीला ते जावयाच्या गावी गेले. संक्रांत गेली. मी साडेसहाला खुर्चीत बसायचो. आधी वाटायचं, रुसली असेल, येईल. मग वाटायला लागलं, रुसायचं तिला कारणच काय, तिला आता माझी गरज नाही. कारखान्यातून संगणकानं घालवलं तेव्हा मी इतका खचलो नव्हतो. तिथं निदान शाल तरी मिळाली होती. कुणावर ओरडायला नसलं की तापट माणसाचा राग कुठं जातो ठाऊक आहे? स्वतःच्या स्वयंपाकावर. मी भाकरी करपवायचो आणि भाकरीलाच शिव्या द्यायचो.

उन्हाळ्याच्या सुटीत मुलगी तिला आठ दिवसांसाठी माझ्याकडं सोडून गेली. पोरगी बोटभर उंच झाली होती. आल्या आल्या पाया पडली, गळ्यात पडली, शेंगाचटणी आणि कडक भाकरी मागितली. त्या फोनबद्दल ती काही बोलली नाही. मीही नाही. दुपारी ऊन इतकं असायचं की दारं-खिडक्या लावून आम्ही फरशीवर पडून राहायचो. ती तिच्या फोनशी बोलायची आणि मी डोळे मिटून ऐकायचो.

खोटं कशाला बोलू, ते यंत्र मला आवडलं. ती एकच गोष्ट पाच वेळा विचारायची आणि ते पाचही वेळा त्याच सुरात सांगायचं. मी तिसऱ्याला भडकलो असतो. प्रत्येक प्रश्नाला "खूप छान प्रश्न!" म्हणायचं. मी तिला इतक्या वर्षांत एकदा तरी असं म्हटलं होतं का, ते आठवून बघितलं. नाही आठवलं. पण दुसरंही एक मला दिसलं. पूर्वी गणित अडलं की ती पेन्सिलचं टोक चावायची, छताकडं बघायची, फरशीवर बोटानं रेघा ओढायची. मी ओरडायचो, "आटप की!" आता ती अडतच नव्हती. अडायच्या आत उत्तर यायचं. पेन्सिल अखंड होती, तिच्यावर दाताची एक खूण नव्हती.

पाचव्या दिवशी ती शाळेचा सुटीतला प्रकल्प घेऊन बसली. आपल्या गावची कला, असा विषय होता. तिनं सोलापुरी चादर घेतली. मला बरं वाटलं. माझ्या गठ्ठ्यातला कागद मागून घेतला, पंधरा बाय पंधराची चौकट आखली, मधे मोर काढला आणि कडेनं एका घराची लाल किनार रंगवली. चित्राखाली लिहायचं होतं की किनारीला किती घरं लागली. तिनं फोनला विचारलं.

यंत्र म्हणालं, "छप्पन."

"नाही, साठ," ती म्हणाली. "कोपरे दोनदा धरायचे असतात. माझे आबा डिझाईन मास्तर होते. त्यांनी सांगितलंय."

मी डोळे उघडले.

यंत्र क्षणभर थांबलं आणि त्याच गोड आवाजात म्हणालं, "तुमचं अगदी बरोबर आहे! माझ्याकडून चूक झाली, क्षमस्व. तुमच्या आजोबांच्या अनुभवाप्रमाणे उत्तर साठ आहे. खूप छान निरीक्षण!"

तिनं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. "बघा आबा. तुमचं नाव काढलं की ऐकतं." आणि चित्राखाली नीट अक्षरात साठ लिहिलं.

मी उठून बसलो. विचारलं, "तुला अजून ध्यानात हाय ते? कोपऱ्याचं?"

"हो. परीक्षेत पण आलं होतं तसलंच. मी तुमच्यासारखं केलं. टीचरनी चूक दिली." तिनं खांदे उडवले. "त्यांना चादरीचं कुठे माहीत असणार?"

"मग मला फोन न्हाय केलास?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना करू नको." हे ती अगदी सहज म्हणाली. मग रंग भरता भरता विचारलं, "का म्हणाला होतात, आबा? मला नीट आठवत पण नाही आता."

इतके महिने मी त्या ओरडण्याचं ओझं घेऊन खुर्चीत बसलो होतो आणि ते ती विसरून गेली होती. तिच्या लक्षात राहिला होता तो कोपरा. मी पाडलेलं चुकीचं भोक तेवढं राहिलं होतं आणि माळ फिरेल तसं उमटत होतं, परीक्षेत, आता या कागदावर.

माझ्या मनात काय आलं तेही लिहितो, लाज वाटली तरी. मनात आलं, राहू दे. यंत्रानं आपल्यासाठी माघार घेतली, पोरीनं बाईंपेक्षा आपलं खरं मानलं. आबा चुकत नाहीत, एवढी एकच गोष्ट आता हिच्यापाशी माझी शिल्लक आहे. ती मी माझ्या हातानं काढून दिली तर मग मला विचारायला ही येईल कशाला?

मी गठ्ठा उचलला. खालचा घडीचा कागद काढला आणि तिच्यासमोर उलगडला. बारा बाय नऊ, लाल कड.

"मोज," म्हटलं.

तिनं फोनकडं हात नेला. मी तो हात धरला. "बोटानं."

ती मोजायला लागली. कोपऱ्याशी आली, थांबली, पुढं गेली. दुसऱ्या कोपऱ्याशी परत थांबली. मी ओरडलो नाही. तिनं पेन्सिल तोंडात धरली. पुऱ्या चार कडा झाल्यावर म्हणाली, "अडतीस." परत मोजली. परत अडतीस.

मास्तर जाऊन किती वर्षं झाली, तेव्हापासून ते शब्द मी कधीच म्हटले नव्हते, ना कारखान्यात, ना घरात. बायकोलासुद्धा कधी म्हटले नाहीत, आणि तिच्याशी माझ्या चुका काय थोड्या होत्या? मी म्हटलं, "तप्पु नादि."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. हसली नाही.

"त्या दिवशी तुझं यंत्र बरोबर हुतं. माझं चुकलं. दहा मिनिटांत कळलं हुतं मला, पर मी तुला सांगितलं न्हाय. म्हणून परीक्षेत तुझी चूक झाली. तुज्या बाई बरोबर हायत."

तिनं परत एकदा कागदाकडं बघितलं, मग फोनकडं. मग तिनं भलताच प्रश्न विचारला. "मग ते आत्ता मला सॉरी का म्हणालं? ते तर बरोबर होतं."

"मला न्हाय ठाऊक. तुझं मन मोडायचं नसंल त्याला."

"मग मी चुकले तर मला कळणार कसं?"

मी एवढंच म्हटलं, "कुणाला तरी आकडा सांगत जा. ओळ संपली की." तिनं साठ खोडून छप्पन लिहिलं. त्या संध्याकाळी आम्ही मोराच्या तीन ओळी पूर्वीसारख्या केल्या, तिनं सांगितल्या, मी भरल्या. एका ओळीला आकडा जुळला नाही. चूक माझी निघाली, डोळ्यांमुळं. मी परत म्हटलं. दुसऱ्यांदा ते जड गेलं नाही.

ती पुण्याला गेली. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात दोनदा साडेसहाला फोन आला. "आबा, घरं काढा. आणि लगेच हो म्हणू नका." दोन्ही वेळा मी हट्टानं पुन्हा मोजायला लावलं. एकदा ती वैतागली. मग क्लास लागला, मग घटक चाचणी, मग काय ते मला माहीत नाही. मी तिला दोष देत नाही. शंभर गोष्टी असतात त्या वयात, आणि म्हाताऱ्याला फोन लावण्यापेक्षा त्या यंत्राला विचारणं सोपं आहे. ते कधी झोपत नाही, कधी खेकसत नाही.

साडेसहाला मी कागद काढून बसतो. आता नुसतं बसवत नाही, म्हणून स्वतःच मोठ्यानं सांगतो, तीन भरा, दोन सोडा, आणि स्वतःच भरतो. ओळ संपली की आकडा बोलतो आणि सवयीनं थांबतो. पलीकडून आकडा येत नाही. मग मीच म्हणतो, जुळली, आणि पुढं जातो. रोज जुळते. एकट्यानं सांगितलेली आणि एकट्यानं भरलेली ओळ कधी चुकतच नाही. मला माझं काही नाही, माझ्या राहिल्यात किती ओळी. पण तिकडं पुण्यात त्या पोरीच्या सगळ्याच ओळी अशा जुळत असतील, या भीतीनं मी तो फोन हाताशी ठेवून बसतो.